शाळेतले पाटीपूजन

नव्या कामाला हात घातला की आपण 'श्रीगणेशा केला' म्हणतो, किंवा 'ओनामा केला' म्हणतो. दोन्ही शब्द पंतोजींच्या शाळेतले. धूळपाटीवर मुलाकडून गणेशाला नमन लिहवून घेत, तसेच 'ॐ नमः सिद्धम्' हेही. हे दुसरे नमन जैन परंपरेतून आले, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर दोन धर्म एका पाटीवर सुखाने नांदत होते. मात्र त्या पाटीपाशी अस्पृश्याचे मूल नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर जुन्या काळाचे गोडवे गायल्याचा दोष आमच्या माथी येईल.

खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतून धर्मशिक्षण वगळले. बायबल ग्रंथालयात असावे, मुलाने आपण होऊन विचारले तर मास्तरांनी शाळेच्या वेळेबाहेर सांगावे, एवढीच मोकळीक ठेवली. घटनेचे २८ वे कलम त्याहून स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण नाही; मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलाला उपासनेला बसवायचे नाही. पण सणाचे काय? तो शिक्षणही नव्हे आणि निव्वळ उपासनाही नव्हे. या फटीतून दसऱ्याची सरस्वती शाळेत टिकली.

आमची शाळा धुळ्यातल्या गिरणी कामगारांच्या वस्तीतली. पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. एकच्या आकड्यांची सरस्वती आमच्या वर्गात सर्वांत सुबक काढी तो एका मोमीन विणकराचा मुलगा. पूजेच्या दिवशी मास्तर त्याला म्हणाले, "तुझे यात काम नाही, घरी जा." मास्तर दुष्ट नव्हते, मुलाला संकोच नको, एवढाच त्यांचा हेतू. तो खिडकीपाशी उभा राहिला. त्याची पाटी मात्र पूजेत मांडलेली होती!

त्याच खंडेनवमीला गिरणीत मागाला हार घातला, तेव्हा त्याचा बाप आमच्या वडिलांशेजारी उभा होता. त्याने हात जोडले नाहीत, खोबऱ्याचा तुकडा घेतला. कोणी काही विचारले नाही. गिरणीत असे नुसते उभे राहायला जागा होती. शाळेत मात्र हात जोडा, नाहीतर घरी जा.

अमळनेरला १९२४ ते १९३० शिक्षक असलेल्या साने गुरुजींची प्रार्थना आज अनेक शाळांत म्हणतात. तिच्यात कोणत्याही एका दैवताचे नाव नाही, हे उत्तमच. पण प्रार्थना पाच मिनिटांत संपते. सणाला वर्गणी लागते, प्रसाद लागतो, हळदकुंकू लागते. हे ठरवायचे कोणी? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. सभा असते कामाच्या वेळी. आमचा हमाल, आमचा मागवाला तिथे जात नाही. गेला तर रोज बुडतो. सणांची यादी त्याच्यावाचून ठरते, आणि वर्गणीची चिठ्ठी तेवढी मुलाबरोबर घरी येते.