कीटकांच्या रक्तपेशींचे माहेर

डास चिरडला की हातावर लाल ठिपका उमटतो आणि डासाचे रक्त लाल असते, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते रक्त आपलेच! कीटकाचे स्वतःचे रक्त बहुधा बिनरंगी किंवा फिकट पिवळसर. अंगभर हवा खेळविण्याचे काम बारीक नळ्या करतात. रक्तावर तो भार नाही. मग त्या रक्तातल्या पेशी करतात तरी काय, आणि अंड्यातल्या गर्भात त्या येतात कोठून?

या प्रश्नाची वाट लांबची आहे. १६२८ साली हार्वेने आपल्या ग्रंथात माश्या व गांधीलमाश्या यांच्या धडधडत्या हृदयाचा उल्लेख केला. १६६९ मध्ये माल्पिगीने रेशमाच्या किड्याच्या पाठीतील स्पंदणारी नळी वर्णिली. पण सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हा सिद्धान्तच मुळी १८३८-३९ चा. पुढे १८७१ मध्ये रशियाच्या कोवालेव्हस्कीने कीटकांचा गर्भही थराथरांनी घडतो, हे दाखविले. त्याचा मित्र मेचनिकॉफ याने १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला, तो भटक्या पेशी त्याभोवती गोळा झाल्या! शत्रूला गिळणाऱ्या पेशींची कल्पना येथून निघाली आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

माहेराचा पत्ता मात्र फळमाशीने दिला. १९९४ मध्ये टेपास व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, गर्भातील रक्तपेशी डोक्याकडच्या मध्यस्तरात जन्मतात. तेथून त्या सर्वांगभर पांगतात आणि गर्भ घडताना मेलेल्या पेशी गिळून टाकतात. माहेर डोक्यात, सासर सर्वांगी! २००३ मध्ये दुसरे माहेरही निश्चित झाले: छातीच्या मध्यस्तरातून उपजणारी लसिका ग्रंथी.

आता कोणी म्हणेल, माशीच्या अंड्याशी आम्हांला काय कर्तव्य? तर ऐका. ‘सर्पंट’ नावाचे जनुक नसेल, तर माशीत रक्तपेशी तयारच होत नाहीत. आणि १९९६ मध्ये आढळले की, आपल्या रक्तनिर्मितीत राबणाऱ्या जनुकांच्याच कुळातले ते आहे. जखम बुजविणाऱ्या पेशी घडविणारे माशीचे ‘लोझेंज’ हे जनुक माणसाच्या ज्या जनुकाचे भाऊबंद, ते बिघडले की काही प्रकारचा रक्ताचा कर्करोग उद्भवतो. आपल्या रोग्याच्या दुखण्याचा धागा असा माशीच्या अंड्यापर्यंत पोचतो. म्हणून, क्षुद्र जीवांचे निरीक्षण करणाऱ्याला आपण रिकामटेकडा म्हणू नये.