स्वसंरक्षणार्थ गोळीबार : कायदा, पोलीस आणि परवानाधारक

जिवावर बेतल्यावर परवानाधारकाने झाडलेली गोळी भारतीय कायद्यात गुन्हा ठरत नाही. पण ती बचावासाठीच झाडली, हे दाखवणे त्याच्यावर येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याआधी ती दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती.

पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचीही मुभा नाही. समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोहोचतो तो मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा मोजक्या भीतींत. मालमत्तेसाठी जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग लावणे यांसारखी कारणे लागतात. बांध कोरला म्हणून गोळी घालायला कायदा कुठेच परवानगी देत नाही, आणि मुळशीसारख्या जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या तालुक्यात नेमके हेच विसरले जाते.

धडवली गावचे प्रकरण याच वळणाचे. २०२३ मध्ये जमिनीच्या वादात शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये पसरली आणि पौड पोलीस ठाण्यात मनोरमा खेडकर यांच्यासह काही जणांवर गुन्हा दाखल झाला. घटना जुनी, म्हणून कलमेही जुन्या दंड संहितेचीच लागली. पिस्तूल परवान्याचे व स्वसंरक्षणासाठी होते, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. गोळी सुटली नव्हती, तरीही पुढे खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ वाढले. १८ जुलैला महाडजवळ अटक झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला जामीन मिळाला.

गोळी खरोखरच सुटली, तर पहिला फोन ११२ ला. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार बंधनकारक आहे. जखमीला, मग तो हल्लेखोर का असेना, दवाखान्यात पोहोचवण्याची धडपड पुढे न्यायालयात हेतूबद्दल बोलते. शस्त्र लपवू नये, पुंगळ्या उचलू नयेत. पळ काढणे तर सर्वांत महागात पडते. पंचनामा होतो, शस्त्र जप्त होते, जप्तीचे चित्रीकरण होते.

नाव, जागा, शस्त्र आणि हल्ला कोणी केला, एवढे लगेच सांगावे. सविस्तर जबाब वकिलाशी बोलून द्यावा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार करता येत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही. अटक झाल्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. आपल्या अंगावरच्या जखमांची वैद्यकीय तपासणी मात्र आवर्जून मागावी. बचावाचा तोच सर्वांत ठोस पुरावा ठरतो.

न्यायालयात आरोपीला बचाव निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, तो संभवनीय वाटला तरी पुरते. पंजाबातील दर्शन सिंग यांनी शेतजमिनीच्या वादात वडिलांवर वार होताच गोळी झाडली होती; उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. धोका समोर असताना सोनाराच्या काट्याने बळ तोलता येत नाही, हे न्यायालये मान्य करतात. हद्द सद्भावाने ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते.

शस्त्र परवान्याचा प्रश्न खटल्यापासून वेगळा चालतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ नुसार परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे : ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त.