भूमिका मोठी की माणूस?

मंडळी, विज्ञानपटाच्या पुढच्या भागात नायक कोण असणार, दिग्दर्शन कोणाकडे जाणार, यावर आजची तरुण पोरं रात्र रात्र वाद घालतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "तुम्हाला कोणी विचारलंय का?" कोणी विचारलेलं नसतं, हे खरंच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकानं हा वाद हसण्यावारी नेऊ नये. मराठी माणसाला तो नवा नाही. सव्वाशे वर्षं तरी आपण तो घालतो आहोत. तेव्हा अंतराळयानं नव्हती, शालू आणि शेले होते, एवढाच फरक.

या वादाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. भूमिका मोठी की ती करणारा माणूस मोठा? माणूस गेला, थकला किंवा बदलला, तर भूमिका उरते का? आज तेवढ्या एका प्रश्नाचा माग काढू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. तुळजापूर इथून हाकेच्या अंतरावर. तिथला गोंधळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. संबळ वाजते, तुणतुणं लागतं, दिवटी पेटते आणि गोंधळी आख्यान लावतो. त्या आख्यानात राजा असतो, राणी असते, दैत्य असतो. सगळे कोण करतं? तोच. अंगावरचा पोशाख बदलत नाही, रंग नाही की पडदा नाही. आवाज चढला की राजा, उतरला की राणी. आता सांगा, गोंधळाला बसलेल्या माणसानं कधी विचारलंय का, की यंदा राणीच्या भूमिकेत कोण? हा प्रश्नच तिथं उभा राहत नाही. अमक्याचा गोंधळ रंगतो, तमक्याचा रंगत नाही, एवढं लोक बोलतात. बापानंतर मुलगा संबळ गळ्यात अडकवतो आणि आख्यान पुढं चालू राहतं. भूमिका आख्यानाची, माणूस तिचा वाहक. प्रश्नाचं एक उत्तर हे झालं.

दुसरं उत्तर संगीत रंगभूमीनं दिलं, आणि ते नेमकं उलटं होतं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं. पुढं त्यांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले. त्यांच्या गाण्यानं लोक इतके वेडे झाले, की शकुंतला म्हणजे भाऊराव आणि सुभद्रा म्हणजे भाऊराव, असं समीकरणच बसलं. १९०१ साली भाऊराव गेले. तेव्हा रसिकांपुढं आणि मंडळीपुढं एकच प्रश्न होता, आता कोण? उत्तर मिळायला काही वर्षं गेली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. तेच आपले बालगंधर्व.

इथं रसिक दोन गोष्टी एकदम करत होते. भाऊरावांची जागा कोणी घेऊच शकत नाही असं म्हणायचं, आणि ती जागा घेणाऱ्याची वाटही बघायची. आजचा चाहता याहून वेगळं काय करतो?

याचा कळस झाला ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, बालीवाला थिएटरमध्ये. एका बाजूला बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. दोघांचे चाहते वेगळे, अभिमान वेगळे. टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी एकत्र येऊन खाडिलकरांचं 'मानापमान' केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. 'संयुक्त मानापमान' म्हणून तो प्रयोग नाट्येतिहासात नोंदला गेला. गंमत बघा. नाटक दहा वर्षं जुनं, कथा आणि पदं लोकांना तोंडपाठ. पुढं काय होणार, हे बघायला कोणी आलेलं नव्हतं. या भूमिका ही दोन माणसं समोरासमोर उभी राहून कशा करतात, हे बघायला लोक आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. त्यामुळे त्या जोडीची आठवण आणखीच पक्की झाली.

पण माणूस इतका मोठा झाला की त्याची किंमतही मोजावी लागते. १९३५ साली प्रभातनं शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' काढला. त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले होते. एकनाथ पैठणचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. विषय मोठा, कंपनी मोठी, नट तर सगळ्यात मोठा. तरी ज्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं भामिनी आणि सिंधू पाहिली होती, त्यांना दाढीतला एकनाथ पटकन पटेना. प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी त्या एका चित्रपटावरच थांबली. चाहत्याचं प्रेम नटाला असं बांधूनही ठेवतं.

आता विज्ञानकथेकडे येऊ. वरच्या दोन उत्तरांमधला झगडा सगळ्यात उघडपणे दिसतो तो विज्ञानकथेच्या मालिकांमध्ये. त्याला कारण आहे. या मालिका पंचवीस-तीस वर्षं चालतात. नायकाला म्हातारं होऊन चालत नाही, आणि नट तर म्हातारा होणारच.

इंग्लंडात बीबीसीवर १९६३ साली 'डॉक्टर हू' सुरू झाली. काळातून प्रवास करणारा एक परग्रहवासी, ही तिची कल्पना. तीन वर्षांत मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती बिघडली. मालिका बंद करायची की नट बदलायचा? लेखकांनी शक्कल लढवली. हा परग्रहवासी मरणाच्या दारात पोहोचला की त्याचं शरीर बदलतं, असं कथेतच घालून टाकलं. १९६६ मध्ये पॅट्रिक ट्रॉटन आले आणि मालिका चालू राहिली. तेव्हापासून पुढचा डॉक्टर कोण, हा तिथला कायमचा चर्चेचा विषय आहे. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीचं नाव जाहीर झालं, तेव्हा बाईनं ही भूमिका करावी का, यावरही वाद झाला. आपल्याकडे पुरुषानं भामिनी करण्यावर शंभर वर्षांपूर्वी वाद झाले होतेच. पण गाभ्यात बघितलं तर हा मार्ग आपल्या गोंधळ्याचाच. आख्यान थांबू नये, संबळ दुसऱ्याच्या गळ्यात जावी.

आपल्याकडच्या 'शक्तिमान'ला ते जमलं नाही. इथं बसलेल्या तिशी-चाळिशीतल्या मंडळींना १९९७ साल आठवत असेल. दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला आणि पुढं त्याच्यासाठी रविवारची दुपार राखीव झाली. काटेकोर अर्थानं ती विज्ञानकथा नव्हे. पंचमहाभूतं आहेत, योगसाधना आहे, आणि शेजारी प्रयोगशाळेत बसलेला डॉक्टर जॅकालही आहे. मुकेश खन्ना त्याचे निर्मातेही होते आणि नायकही. म्हणजे बालगंधर्वांसारखंच, मंडळीचे मालकही तेच आणि मुख्य नटही तेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं 'शक्तिमान'वर तीन चित्रपटांची घोषणा केली. नायकाचं नाव सांगितलं नाही, आणि अंदाजांना ऊत आला. रणवीर सिंग यांचं नाव सगळ्यात जास्त घेतलं गेलं. मार्च २०२४ मध्ये खुद्द मुकेश खन्नांनी त्या नावाला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ६६व्या वर्षी, ते स्वतःच तो पोशाख घालून एका छोट्या चित्रफितीत लोकांसमोर आले. लोकांनी त्यांच्या वयाची थट्टा केली. मला ती थट्टा बरी वाटली नाही. साठीकडे झुकलेल्या बालगंधर्वांना तरुण नायिका रंगवताना बघून जुने रसिक हळहळायचे, पण त्या हळहळीत कृतज्ञता असायची. पंचवीस वर्षं ज्या चेहऱ्याला आपण शक्तिमान म्हणालो, त्यानं तो पोशाख सहजासहजी उतरवावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? समीकरण तर आपणच बसवलं होतं.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. २००३ सालचा 'कोई मिल गया'. त्यातला सगळ्यांचा लाडका कोण? जादू. तो निळा परग्रहवासी. त्या पोशाखाच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे कलावंत होते. चित्रपट लाखोंनी पाहिला, जादूचे डोळे सगळ्यांना आठवतात, पण पुरोहितांचा चेहरा कोणाच्या डोळ्यांपुढं येतो? २०१४ साली ते गेले तेव्हा कित्येकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. भूमिका उरली आणि माणूस तिच्याआड झाकला गेला. म्हणजे गोंधळ्याच्या मार्गातही अन्याय आहे. त्याच मालिकेच्या 'क्रिश ४'चं दिग्दर्शन कोण करणार, यावर कितीतरी नावं चर्चेत होती. शेवटी मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं, की दिग्दर्शन हृतिक करणार. बापाची संबळ मुलाच्या गळ्यात.

सुरुवातीला मी म्हणालो, चाहत्याला कोणी विचारत नाही. पण कर्त्याला तरी विचारतात का? १९८७ सालचा 'मिस्टर इंडिया' घ्या, अदृश्य करणाऱ्या यंत्राची गोष्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी त्यावर तीन चित्रपट करणार असं सांगितलं. तेव्हा मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, की आपल्याला कोणी विचारलंच नाही. आपल्या वडिलांनाही विचारलं नाही, असं अनिल कपूर यांच्या मुलीनं, सोनमनं सांगितलं. हक्क कागदावर असतात आणि कागद निर्मात्याकडे असतो. ज्यानं घडवली त्याची नाही, ज्यानं रंगवली त्याची नाही, ज्यानं डोक्यावर घेतली त्याचीही नाही, अशी ही गत. म्हणून पोरांचे अंदाज मला फालतू वाटत नाहीत. या गोष्टीत आमचाही वाटा आहे, एवढं सांगायची त्यांच्याकडे तीच एक जागा आहे.

शेवटी आपल्या मराठी विज्ञानकथेबद्दल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं ना. वि. ज. ती उलटी वाचा, ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर! जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी नाव झाकलं होतं. मराठी विज्ञानकथेच्या बहराची सुरुवात अशी झाली, चेहरा बाजूला ठेवून. जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावात ९३वं साहित्य संमेलन भरलं. त्याच्या पुढच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले, आणि प्रकृतीमुळे तिथं प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. तिथंही खुर्ची होती, चेहरा नव्हता.

पण याच चेहरा नसण्याची दुसरी बाजू अशी, की नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांवर भूमिकांचे वाद झालेच नाहीत. त्या कथांचा नायक बहुधा एखादी कल्पना असते, आणि कल्पनेसाठी नट शोधावा असं कोणाला सुचलं नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या 'वामन परत न आला'मधला यंत्रमानव अजून चेहऱ्याविना आहे.

तेव्हा माझं एवढंच मागणं. अंदाज बांधायचे तर खुशाल बांधा, पण एखादी रात्र वामनावरही घालवा. त्याचा आवाज कोणाचा असावा, दिग्दर्शन कोणी करावं, यावर भांडा. ज्या कथेवर कोणी भांडत नाही, ती कपाटातच राहते. आणि तुम्हाला कोणी विचारलंय का, असं घरात कोणी म्हणालंच, तर त्यांना 'संयुक्त मानापमान'ची गोष्ट सांगा.