ई-पोर्टफोलिओ : तपासणी आणि अभिप्राय

विद्यार्थ्याचे वर्षभरातले लेखन, रेखाटने, प्रकल्प, प्रयोगांची छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती आणि स्वतःच्या कामाविषयीची टिपणे यांचा संगणकावर जपलेला संग्रह म्हणजे ई-पोर्टफोलिओ. त्यात पहिला कच्चा खर्डा आणि शेवटचे पक्के काम शेजारी-शेजारी पाहता येते. म्हणूनच त्याच्या तपासणीत गुणांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व अभिप्रायाला असते.

महाराष्ट्राच्या शाळांत या विचाराला 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने जागा दिली. पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांनी होणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला पहिली-दुसरीत 70 टक्के, तर सातवी-आठवीत 40 टक्के भार मिळाला. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची होती. कल्पना मोलाची होती. पण मोठा पट आणि अपुरा वेळ यांत ती अडकली. तयार नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरू लागल्या. ‘वाचन स्पष्ट करतो’ असे वाक्य अनेक मुलांच्या नावापुढे उतरले, तर ती नोंद कोणाचीच राहत नाही.

तपासणी पडद्यावर नेली म्हणजे हा प्रश्न सुटत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. संख्या 17 लाखांच्या घरात, तयारी अपुरी. कुलपती विद्यासागर राव यांनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या महाविद्यालयांतली मुलेही निकालासाठी ताटकळली. 24 ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. चर्चा मात्र विलंबाचीच झाली. कोणत्या उत्तरात काय कमी पडले, हे विद्यार्थ्याला निकालपत्रातून कळत नाही, याकडे फारसे कोणी वळले नाही.

अशा नेमक्या अभिप्रायाचे मोल संशोधनातही दिसते. संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शेरे मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. शेऱ्यासोबत गुणही मिळाले तेव्हा हा लाभ दिसला नाही.

त्यामुळे ई-पोर्टफोलिओ तपासणाऱ्याने आधी अभिप्राय द्यावा, दुरुस्तीला अवधी द्यावा आणि गुण शेवटी कळवावेत, ही पद्धत अधिक सयुक्तिक ठरते. निकष सुरुवातीलाच विद्यार्थ्यांच्या हाती हवेत. ‘छान प्रयत्न’ या शेऱ्याने काही हाती लागत नाही. ‘तिसऱ्या प्रयोगाच्या तक्त्यात एकक नाही, ते लिहून आलेख पुन्हा काढ’ याने मूल कामाला लागते. मूडलसारख्या ऑनलाइन अध्ययन प्रणालीत असा शेरा थेट सादर केलेल्या कामाला जोडता येतो, बोलून ध्वनिमुद्रितही करता येतो.

अभिप्राय केवळ पडद्यावरच द्यावा असे नाही; संग्रहावर समोरासमोर बोलण्याची रीत पवईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विद्यालयात दिसते. 1969 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीला उमेदवार आपला पोर्टफोलिओ घेऊन जातात. शालेय स्तरावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदीसोबत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापनही अपेक्षित आहे. त्यासाठी शिक्षकांच्या वेळापत्रकात वाचनाचे आणि लेखी अभिप्रायाचे तास वेगळे राखावे लागतील.