नगरपालिकेचा दरवाजा : ठरावापासून संगणकापर्यंत

दोंडाईच्याच्या स्टेशनाकडून गावात येताना मिरचीचा ठसका लागतो. त्या ठसक्यात माझा जन्म गेला. नगरपालिकेची पायरीही मी लहानपणापासून पाहत आलो. आमचा समाज तिथे दोनच कारणांनी जाई. एक झाडूच्या नोकरीसाठी, दुसरे दाखल्यासाठी. पहिल्या कामाला मागच्या दाराने बोलावणे येई, दुसऱ्या कामाला पुढच्या दारात तिष्ठावे लागे. आज सांगितले जाते की नगरपालिकेत येण्याचीच गरज उरली नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, सारे घरबसल्या ऑनलाइन होईल. दार सर्वांना उघडे झाले, असे म्हणतात. या वाक्याचा इतिहास तपासण्यासाठी हा लेख.

दार उघडल्याची घोषणा आम्हांला नवी नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो स्वीकारून चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदावर तळे उघडे होते आणि आमची माणसे तहानलेलीच होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर चालत गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला प्रथमच अर्थ आला. आणि त्याच नगरपालिकेने त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपला ठराव रद्द केला! उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आमच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असते, हे महाडने आपल्याला कायमचे शिकवले आहे. ऑनलाइन सेवा हाही एक ठरावच आहे. ओंजळीत पाणी आले का, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. गावगाड्यात महार हा चालता-बोलता तारायंत्र होता. सरकारी टपाल त्याने न्यायचे, मयताची वर्दी त्याने द्यायची, साऱ्याला त्याने बोलावून आणायचे. ज्या कागदासाठी तो कोसभर धावला, तो कागद त्याला वाचता येत नव्हता आणि चावडीत त्याला बसताही येत नव्हते. या वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल लागले. आमच्या आज्या-पणज्यांच्या जन्ममृत्यूची नोंद राहिली ती कोतवाल बुकात, अनेकदा मोडी लिपीत. नावापुढे बापाचे नाव आणि जात. आडनावाची गरज कुणाला वाटली नाही. जात पुरेशी होती.

आता हेच जुने कागद संगणकात जात आहेत. राज्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने शतकाच्या वळणावर हे काम हाती घेतले आणि तोच नमुना इतर पालिकांपुढे ठेवला गेला. आमच्या खानदेशाला तर याचा मानच मिळाला. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत, आदिवासींच्या हाती दिले गेले. उद्घाटनाला आम्ही आणि आदिवासी नेहमीच लागतो. उद्घाटनानंतर काय?

माझ्याच नात्यातला अनुभव सांगतो. पालिकेचे नाव घेत नाही, कारण ते कोणत्याही पालिकेत घडू शकते. मामाचे घर दलित वस्तीत. जुन्या आकारणी वहीत आजोबांचे नाव 'अमुक वल्द तमुक' असे, आणि शेजारी जातीच्या रकान्यात 'महार'. वह्या संगणकात उतरवताना आडनावाचा रकाना रिकामा चालेना. उतरवणाऱ्याने जात उचलून आडनावात टाकली. १९५६ साली ज्या घराने धम्मदीक्षा घेतली, त्या घराची घरपट्टी नातवाच्या मोबाइलवर 'महार' या आडनावाने आली. शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळे, म्हणून वारसनोंद होईना. मामीने पडद्याकडे पाहिले आणि अहिराणीत एवढेच म्हणाली, "आपली जात आठे बी उनी का रे?"

दुरुस्तीच्या अर्जात कारणांची यादी होती. त्यांत आमचे कारण नव्हते. खिडकीवर गेलो, तर उत्तर मिळाले, आता सगळे ऑनलाइन आहे. पूर्वीचा कारकून 'उद्या या' म्हणे. त्याच्याशी निदान भांडता येई. यादीशी भांडणार कसे? शेवटी सेवा केंद्रात पैसे भरून वारसनोंदीचा अर्ज केला आणि पावती हाती आली. त्या पावतीवर अर्जाचा क्रमांक होता. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवेला मुदत घातली आहे. मुदत टळली वा अर्ज नाकारला तर दोन अपिले कार्यालयात आणि तिसरे आयोगापुढे करता येते. कसूरदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपिलात जुनी वही बाहेर काढावी लागली. जात आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत होते, हे त्या फाटक्या पानाने सिद्ध केले. वही रद्दीत गेली असती, तर आमच्याजवळ पुरावाच नव्हता.

म्हणून मी संगणकाच्या विरोधात नाही. ज्या यंत्राला माझा स्पर्श बाटवत नाही, त्याचा मी शत्रू कशाला होऊ? शिवाय 'अर्ज आलाच नाही' असे आता कुणाला सहज म्हणता येत नाही, हा केवढा लाभ आहे! परंतु यंत्राच्या पोटात जी वही जाते, ती जुन्याच समाजाने लिहिलेली असते. तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. खिडकी बंद होता कामा नये. जुन्या वह्या स्कॅन झाल्यावरही जतन झाल्या पाहिजेत. मोडी नोंदींचे लिप्यंतर सरकारने आपल्या खर्चाने करावे. उतरवलेली नोंद कायम करण्यापूर्वी त्या त्या वस्तीत ती जाहीर वाचून दाखवावी.

आणि एक काम आपले. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे जमतो. पुस्तकांची दुकाने लागतात, गाणी होतात. त्या दुकानांशेजारी एक टेबल मांडावे. शिकलेल्या पोरांनी तिथे बसून लोकांच्या नोंदी उघडून पाहाव्यात, चुकलेल्या नावांचे अर्ज भरावेत, मुदत टळलेल्यांची अपिले लिहावीत आणि पावती ज्याची त्याच्या हातात द्यावी.