शुद्ध प्रतीचा शोध

ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत हातोहात उतरविलेल्या प्रतींतून तिच्यात अनेक अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत तयार केली. मराठीतील शोधनाची परंपरा अशी मुद्रणाहूनही जुनी आहे.

परंतु दुसऱ्याच्या लेखनातील दोष चटकन दिसतो, स्वतःचा दिसत नाही. लेखकाला आपले म्हणणे आधीच ठाऊक असल्याने त्याचे डोळे कागदावरील अक्षराऐवजी मनातील शब्द वाचतात. गळलेला अनुस्वारही त्यांना दिसू लागतो! यावर पहिला उपाय काळाच्या अंतराचा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. आपलेच काम पुन्हा तपासून, वाढवून त्यांनी १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती सिद्ध केली. दुसरा उपाय कानाचा. खिळे जुळविणाऱ्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने मुद्रितावर खुणा कराव्यात, अशी रीत होती.

तिसरा उपाय नियमांचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार 'कवि' व 'शक्ति' हे शब्द मराठीत 'कवी' व 'शक्ती' असे दीर्घान्त लिहिले जातात. समासात मात्र 'कविसंमेलन', 'शक्तिपीठ' असे पूर्वपद ऱ्हस्वान्तच राहते.

मुनिरका परिसरातील मराठी कुटुंबांना हा नियम विशेष जपावा लागतो. भोवतालच्या हिंदी पाट्यांवर 'शक्ति' आणि 'महीना' हीच रूपे शुद्ध असतात. लिपी एकच असल्याने परके रूप परके वाटत नाही. संगणकही 'दिन' आणि 'दीन' यांतील अभिप्रेत शब्द दर वेळी ओळखेलच असे नाही.

म्हणून लिहिलेला मजकूर एक रात्र बाजूला ठेवावा, दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा आणि एक फेरी केवळ ऱ्हस्व-दीर्घासाठी राखावी. नावे व आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. पुण्यात चुकलेला शब्द मुलाला शेजारच्या पाटीवर किंवा वर्तमानपत्रात शुद्ध भेटतो. दिल्लीत अनेकदा आईवडिलांनी लिहिलेली चिठ्ठी हीच मुलाची पाटी आणि तेच त्याचे वर्तमानपत्र असते.