कारखान्याच्या भिंतीवरची इंग्रजी

अवघड इंग्रजी शब्द शिकायचे म्हणजे पाठ करायचे, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या, मग वीरकरांचा कोश हाताशी आला, आता स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्या आहेत. या परंपरेला वळसा घालून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत दहावी-आयटीआय झालेल्या माणसांनी गेल्या सत्तर वर्षांत 'पर्पेंडिक्युलॅरिटी'पासून 'रिट्रेंचमेंट'पर्यंतचे शब्द कमावले. या पट्ट्याचा इतिहास त्या शब्दांच्या बाजूने वाचला, तर दिसते ते असे : शब्द किती कठीण आहे किंवा शाळेत इंग्रजी किती झाली, यावर त्याचे रुजणे ठरले नाही. अर्थावर माणसाचे काही अडलेले असेल आणि तो अर्थ वापरून बघण्याइतका काळ त्याला एका जागी मिळाला असेल, तरच शब्द त्याचा झाला.

पहिला थर यंत्रांचा. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात टेल्को, बजाज, एसकेएफ असे मोठे कारखाने इथे आले. मराठवाडा, खानदेश, साताऱ्याकडून आलेल्या पोरांना 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्याच्या आत शिकण्याची वाट मिळाली. ड्रॉइंगवर उलटा 'टी' दिसला की पर्पेंडिक्युलॅरिटी, एकात एक दोन वर्तुळे दिसली की कॉन्सेंट्रिसिटी. डायल लावून रनआउट बघायचा आणि काटा मर्यादेबाहेर गेला की जॉब रिजेक्ट. यावर भाषाशिक्षक म्हणतील, ही धंद्याची परिभाषा झाली, हिला इंग्रजी येणे म्हणत नाहीत. वाक्यरचनेपुरते ते खरे आहे. पण शब्दाचा अर्थ कळला की नाही याची कसोटी व्याख्या म्हणून दाखवण्यात नसते. योग्य ठिकाणी तो नेमका लावता येण्यात असते, आणि ती कसोटी इथे दर पाळीत लागत होती. दुसरा आक्षेप मराठीच्या अभिमानाचा : 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषाकोश निघाले, मग मराठी शब्द का रुजवले नाहीत? बेअरिंगसाठी सुचवलेला 'धारवा' हा शब्द चांगला नेटका आहे. पण खोक्यावर, ड्रॉइंगवर आणि इन्स्पेक्शनच्या कागदावर 'बेअरिंग'च होते. कोश तयार झाला तो टेबलावर, आणि रिजेक्शन होत होते मशीनवर.

दुसरा थर कायद्याचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जाड. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याचे नववे कलम सांगत असे की, स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात तिथे आणि प्रत्येक खात्यात, खास फलकावर लावाव्यात. म्हणजे मराठी मजकूर शेजारीच होता. तरीही इंग्रजी मजकूर शिकावा लागला, कारण लढाई शब्दावर व्हायची. नमुना स्थायी आदेशांतल्या गैरवर्तनांच्या यादीत वरिष्ठाचा हुकूम मोडणे येते. पण तो मोडणे 'विलफुल' असले पाहिजे आणि हुकूम 'लॉफुल अँड रीझनेबल' असला पाहिजे. चार्जशीट आली, डोमेस्टिक इन्क्वायरी लागली की नोकरी टिकणार की जाणार हे या तीन विशेषणांवर ठरे. आरोप असलेल्या कामगाराच्या बाजूने त्याचाच सहकारी डिफेन्स रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून बसू शकत असे. मॅनेजमेंटच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा हा फिटर किंवा टर्नर 'विलफुल' आणि चुकून झालेले यांतला फरक जितक्या बारकाईने सांगे, तितका पदवीधरालाही सांगता येईल का, शंका आहे. निलंबितांना 'सबसिस्टन्स अलाउन्स' म्हणजे पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि नंतर, विलंब कामगारामुळे नसेल तर, पाऊण, हे घर चालवताना कळले. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 12(3) खालचे सेटलमेंट सगळ्यांना बांधत असे, 18(1) खालचे फक्त सही करणाऱ्यांना, हेही तसेच. टेल्कोतला राजन नायर यांच्या संघटनेचा 1988-89 चा संघर्ष सप्टेंबर 1989 मध्ये शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेला. कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. 'रेकग्निशन' या शब्दाचा त्याहून महागडा धडा या पट्ट्याने घेतला नसेल.

तिसरा थर गुणवत्तेचा. अमेरिकेतल्या तीन मोटार कंपन्यांचे क्यूएस-9000 हे गुणवत्तेचे मानक 1994 मध्ये आले, 1999 मध्ये टीएस 16949, आणि भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपपर्यंत ऑडिट पोचले. चाकणला बजाजचा कारखाना 1999 मध्ये, फोक्सवॅगनचा 2009 मध्ये सुरू झाला, तसे पुरवठादारांवरचे दडपण वाढले. क्वालिटी पॉलिसी कामगारांना समजलेली असावी, अशी या मानकांची अपेक्षा. प्रत्यक्षात ऑडिटच्या आधी ती घोकून घेतली जाते. तर्खडकरांचे पाठांतर मागच्या दाराने परत आले ते असे. बिघाडाच्या शक्यता तपासणाऱ्या एफएमईएच्या तक्त्यात सिव्हिअरिटी, अकरन्स, डिटेक्शन यांना एक ते दहा गुण देतात ते बहुधा इंजिनिअर. ऑपरेटरच्या वाट्याला येते ती खालची सही. याउलट 'पोका-योके', म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, हा तर जपानी शब्द, कुठल्याच शाळेत नसलेला. पण फिक्स्चरवरची ती पिन असतेच अशी की जॉब उलटा बसतच नाही, म्हणून तो शब्द ऑपरेटर बरोबर वापरतो. अडचण भाषेची असती, तर हा शब्द आधी अडखळला असता.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शाळेचा आहे : शाळेत इंग्रजी लवकर सुरू झाली की हे शब्द आपोआप येतील. 2000 मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे याच पट्ट्यातले. 1980 मध्ये ते खेडचे खासदार झाले होते आणि चाकण त्याच तालुक्यात. 2000 मध्ये पहिलीत बसलेली मुले 2010 मध्ये दहावी झाली, नेमकी चाकणला भरतीचे दिवस असताना. वडिलांपेक्षा त्यांची इंग्रजी चार वर्षे तरी आधी सुरू झालेली. मोबाइलवरचा फॉर्म ती सहज भरतात. शाळेचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतल्या अनेकांच्या हाती अप्रेंटिस, ट्रेनी किंवा कंत्राटी असाच गेटपास आला. अप्रेंटिस कायद्याचे अठरावे कलम म्हणते की अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. टेम्पररीला सलग सेवेसाठी लागणारे 240 दिवस भरण्याआधी ब्रेक मिळतो. ज्याला चार्जशीट द्यावीच लागत नाही, नुसते उद्यापासून येऊ नको म्हटले की भागते, त्याने 'विलफुल'चा अर्थ कशासाठी शोधायचा? 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती 300 कामगारांपासून पुढे ठेवली आहे. भोसरी-चाकणच्या बहुतेक पुरवठादारांकडे एवढी माणसे हजेरीपटावर नसतात, आणि जिथे आत तेवढी काम करताना दिसतात तिथेही त्यांतली बरीच कंत्राटदाराच्या नावावर असतात.